एका दाराचे तीन भाव

७ फेब्रुवारी

तीन कागद टेबलावर आपटले बाईंनी! आपटले म्हणजे काय, पंख्यानं उडू नयेत म्हणून वर हात दाबून बसल्या. दातांच्या डॉक्टर आहेत, चौकापलीकडे दवाखाना. गाडी पांढरी. मागचं डावं दार फाटकाच्या खांबाला घासून आत गेलंय, ताटाएवढा खड्डा.

"एकच दार, एकच खड्डा," म्हणाल्या. "कंपनीच्या वर्कशॉपनं सांगितले तुमच्या दुप्पट. मोठ्या रस्त्यावरच्या त्या काचा लावलेल्या गॅरेजनं सांगितले तुमच्या निम्मे. तुम्ही मधे. आता मला खरं सांगा, तिघांत लबाड कोण?"

काचेचं दुकान म्हणजे आमच्या धाकट्या दिरांचं. ते मी बोलले नाही.

म्हटलं, लबाड कुणीच नाही हो. तिघं तीन वेगळी कामं विकतायत, कागदावर नाव तेवढं एक. कंपनीवाले हे दार भंगारात टाकून नवं बसवणार. त्यांच्याकडे ठोकून सरळ करणारा माणूसच उरलेला नाही, मग दाराचे पैसे लागणारच. काचवाले खड्डा बाहेरून ओढणार, उरलेला लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरणार, घासून गुळगुळीत करणार, त्या दारापुरताच रंग मारणार आणि भट्टीत वाळवून परवा गाडी तुमच्या हातात. दोन वर्षांत गाडी विकायची असेल तर बिनधास्त तिकडे जा. आम्ही दाराचं अस्तर उघडून आतून ठोकणार. लांबी अगदी नखाच्या जाडीची. आणि रंग पुढच्या दारावरही विरवत नेणार, म्हणजे डोळा कुठे अडत नाही. त्याला दिवस लागतात. आमचे पैसे दिवसांचे.

बाई ऐकता ऐकता हसायलाच लागल्या. "अहो, हे तर माझंच गाणं! एक जण दात उपटून नवा बसवतो, एक जण वरून सिमेंट भरतो, मी मुळापासून साफ करत बसते. आणि पेशंट मलाच ऐकवतात, पलीकडे निम्म्यात होतं म्हणून!"

गाडी ठेवून गेल्या. जाताना पैलवानाला म्हणाल्या, "तुम्ही डेंटर, मी डेंटिस्ट!" तो लाजून चूर. पैलवान म्हणजे आमचा कारागीर. अंगानं काडी, म्हणून पैलवान. हे गेल्यापासून पत्रा ठोकतोही तोच, रंग फवारतोही तोच. रंग बनवते मात्र मी.

८ फेब्रुवारी

लोकांपुढे मी भाऊजींबद्दल वाकडा शब्द काढत नाही. वहीपुढे काढते.

लिंपण! भिंत लिंपावी तशा गाड्या लिंपतात. आणि शिकले कुणाच्या हाताखाली? सख्ख्या भावाच्या!

झालं. लिहिलं की पोटातलं जातं.

९ फेब्रुवारी

पैलवानानं आज दार उतरवलं. मागून लोखंडी ठोकळा धरला, पुढून हातोडी. टक्, टक्, टक् — आणि मग तो एक मऊसा आवाज आला.

हे असते तर हात थांबवून म्हणाले असते, "ऐकलंस? बसला पत्रा." लग्नानंतर पहिली दोन वर्षं मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी मी मान डोलवायचे. त्यांना तेवढं पुरायचं.

दुकान तेव्हा म्हणजे चार खांब, वर पत्रे. ना भट्टी, ना कॉम्प्रेसरची खोली. रंग वाळायला ऊन. धूळ बसू नये म्हणून भाऊजी सकाळी सगळ्या अंगणात पाणी मारायचे. मिसरूड नुकतं फुटलेलं, मोठ्यानं गायचे, आणि सूर कधीच सापडायचा नाही. हे ओरडायचे, "अरे, पत्रा ऐकू दे!" तर आणखी मोठ्यानं.

मी दुपारी डबा घेऊन यायचे. एकदा आले तर दोघा भावांची जुंपलेली. एक शेवाळी रंगाची गाडी होती, मालक वकील, महाखवट. हे म्हणत होते रंग जुळला नाही, भाऊजी म्हणत होते जुळला. मी डबा हातात तशीच उभी. तोंडातून निघून गेलं, "काळा जास्त झालाय. आणि कणभर पिवळा हवाय."

भाऊजी पोट धरून हसले. "वहिनी, ही काय आमटी आहे का, मीठ कमी म्हणायला!"

हे नाही हसले. माझ्या हातातल्या डब्याचं झाकण काढलं. नवाकोरा डबा, माझ्या आईनं दिलेला! जरासा पांढरा घालून काळा उतरवला, पिवळ्याचा एक थेंब, काडीनं ढवळलं, झाकणाला फासलं आणि वाळल्यावर गाडीच्या दाराला टेकवून धरलं.

झाकण दिसेना! दार कुठे संपतं आणि झाकण कुठे सुरू होतं — काही कळेना.  मग भाऊजीच म्हणाले, "उद्यापासून डबा मी आणतो. तुम्ही इथं बसा."

आणि खरंच आणायला लागले. बसायला जुन्या गाडीची सीट कापून स्टूलही त्यांनीच करून दिलं. त्याच्यावर बसून मी निम्मं आयुष्य काढलं. आईला झाकणाबद्दल मी कधी सांगितलं नाही.

१० फेब्रुवारी

बाईंचा पांढरा केला. पांढरा सगळ्यात छळतो. लोकांना वाटतं पांढरा म्हणजे पांढरा, त्यात काय करायचं! त्यात निळा असतो, काळा असतो, कधी चिमूटभर लाल. आज जास्तच वेळ गेला. डोळे चुरचुरतायत.

१२ फेब्रुवारी

दार फवारून झालं, वाळतंय. आज नवीन गिऱ्हाईक नाही. बसून होते.

हे भाव कसे सांगायचे ते आठवत होतं. कागद नाही, पेन नाही. डोळे मिटून तळवा पत्र्यावरून फिरवायचे, बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा. कुठे ताणलाय, कुठे दुमडलाय, आधी कुणी लांबी भरून ठेवलीय का, सगळं हाताला समजायचं. मग आकडा. गिऱ्हाईक म्हणायचं, पलीकडे तर कमी सांगितले. हे म्हणायचे, "त्यांनी दिसतं तेवढ्याचे सांगितले. उघडल्यावर ते पुन्हा फोन करतील. मी करणार नाही."

भाऊजी मागून त्यांचा सदरा ओढायचे. "दादा, कमी सांगितलेस!" त्यावरून घरी जेवताना वाद. मी दोघांना वाढत असायचे आणि दोघंही मलाच विचारायचे, "सांग तू, कोण बरोबर?" मी म्हणायचे, जेवा.

किती भांडायचे! आणि किती जेवायचे!

हे गेले आणि सगळंच सुटं झालं. भाऊजींना रंग मोजायचं मशीन आणायचं होतं. गाडीवर ठेवलं की पडद्यावर आकडे येतात, कुठला रंग किती. मी म्हटलं, ह्या दुकानात नको. ते म्हणाले, "वहिनी, डोळ्याचा काय भरवसा? आज आहे, उद्या नाही."

माझ्या डोळ्याचा भरवसा नाही! ज्या डोळ्यावर दोन्ही घरं चालली!

महिनाभरात त्यांनी मोठ्या रस्त्यावर जागा घेतली. कारागीर ठेवले, भट्टी आणली, काचा लावल्या. दिवसाला सहा गाड्या बाहेर पडतात म्हणे. सहा गाड्या पडल्या की एकीचा भाव उतरतोच. त्यात लबाडी नाही, मला कळतं ते. भांडण झालं नाही आमचं. बोलणं तेवढं थांबलं. घरच्या कार्यात समोरासमोर आलो की मी म्हणते "बरे आहात?", ते म्हणतात "हो, तुम्ही?" की झालं.

१४ फेब्रुवारी

काय लिहू.

बाई गाडी न्यायला आल्या. दारावरून हात फिरवला, खूश. मग गाडी बाहेर उन्हात काढली आणि थांबल्या. दोनदा मागे गेल्या, दोनदा पुढे आल्या.

"रागावू नका हं. पण हे दार पिवळं आहे."

मी म्हटलं, छे!

"थोडंसंच. पण आहे. मला दिवसभर तेच काम असतं हो, दाताचा पांढरा जुळवायचा. सोळा तऱ्हेचे पांढरे असतात माझ्याकडे पट्टीवर."

मी दाराकडे बघितलं. पुढच्या दाराकडे बघितलं. एक! अगदी एक! पैलवानाला म्हटलं, सांग तू. तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभा.

"सांग ना!"

"जरा... आहे, काकू."

आमच्या दुकानातून गाडी परत फिरली असं आजवर झालं नव्हतं. बाईंना म्हटलं, ठेवून जा, पुन्हा करून देते, वर एक पैसा लागणार नाही. त्या म्हणाल्या, "पैशाचं नाही हो." आणि मग अगदी हळू, "डोळे कधी दाखवलेत?"

मी चहा गार झाला म्हणाले आणि आत गेले.

१५ फेब्रुवारी

पुन्हा केला. नवा डबा, नवी काडी. निळ्याचा थेंब जास्त घातला, अंदाजानं. अंदाजानं! मी!

पैलवान म्हणाला, "तुम्ही जा काकू घरी, मी सकाळी फवारतो."

१८ फेब्रुवारी

बाई आल्या, उन्हात बघितलं, टाळीच वाजवली. "आता कसं! कुठलं दार होतं तेही सांगता येणार नाही!" पैसे दिले, पैलवानाला दवाखान्याचं कार्ड दिलं, "दाढ दुखली तर या, फुकट." गेल्या.

आणि मी घाबरून गेले आहे.

कारण मला पहिलं दार आणि हे दार — दोन्ही सारखीच दिसली. पहिलं चूक, दुसरं बरोबर. मला दोन्ही बरोबर! मग मी काय जुळवलं? नशीब?

कुणाला सांगायचं? ह्यांना सांगितलं असतं. ह्यांनी थट्टा केली असती, म्हणाले असते, "चला, आता तरी माझ्या शर्टावरचे डाग दिसणार नाहीत तुला." आणि उठून स्वतः डॉक्टरकडे घेऊन गेले असते.

२० फेब्रुवारी

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर तरणा आहे, गोड बोलतो. म्हणाला, "आजी, तुम्ही पिवळ्या काचेतून जग बघताय. वर्षभर तरी झालं असेल. हळूहळू होतं, म्हणून कळत नाही."

आजी! लेकीला अजून मूल नाही आणि हा मला आजी करून मोकळा!

मग ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवायच्या भिंगांचा कागद पुढे केला. एक भिंग इतक्याचं, दुसरं त्याच्या दुप्पट, तिसरं त्याच्याही वर. रात्री लेकीला फोनवर सांगितलं तर भडकली, "एकाच डोळ्याचे तीन भाव? लुटतात नुसते!" मला इतकं हसू आलं! म्हटलं, लबाड कुणी नाही गं. एकात लांबचं दिसतं, एकात लांबचं-जवळचं दोन्ही, एकात मधलंही. तीन वेगळी कामं आहेत, नाव तेवढं एक. ती म्हणाली, "आई, तू ठीक आहेस ना?"

मी मधलं घेतलं. आमच्या घराण्याला शोभेलसं.

२३ फेब्रुवारी

लेक म्हणते, आता बंद कर दुकान. माझ्याकडे ये.

मी नाही म्हणाले नाही. पहिल्यांदाच.

पैलवानाला विचारलं, तुला दुसरीकडे काम मिळेल ना? तो म्हणाला, "मिळेल." मग म्हणाला, "पण मला नकोय." आणि भंगारातलं एक दार उगाचच ठोकत बसला.

२६ फेब्रुवारी

रंगाचं काम घेत नाही सध्या. नुसता पत्रा. स्टूल रिकामं बघवत नाही, म्हणून त्याच्यावर जुनी फडकी ठेवली.

वर्षभर मी किती गाड्या केल्या असतील! सगळ्या गावभर फिरतायत, माझी पिवळी दारं घेऊन. आणि लोक भिडेखातर गप्प आहेत. म्हातारी बाई, काय बोलायचं. 

३ मार्च

उजवा डोळा झाला. लेक आलीय. दुखत नाही. लिहू नको म्हणालेत, म्हणून बास.

४ मार्च

पट्टी काढली.

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंती पांढऱ्या आहेत! मला वाटत होतं जुन्या झाल्या, मळल्या. गेल्या वर्षी रंगाऱ्याला मीच बोल लावले होते. नवा डोळा मिटला की भिंत चहात बुडवल्यासारखी, जुना मिटला की लख्ख. उघड, मीट, उघड, मीट — लेक म्हणाली, "आई, पुरे, लहान मुलासारखं काय करतेस!"

आकाश बघितलं. असा निळा मी ह्यांच्याबरोबर बघितला होता, कधीतरी. मग रडू आलं. डॉक्टरनं रडायचंही नाही म्हणून सांगितलंय.

९ मार्च

काळा चष्मा लावून बाहेर पडले. लेकीला म्हटलं पाय मोकळे करते. खरं तर धसका होता, बघून टाकायचं होतं एकदाचं.

बेकरीची व्हॅन उभी होती. तिचं पुढचं मडगार्ड पार चेपलं होतं, ते आम्ही केलं होतं, रंग माझा, दुधाळ. चष्मा वर केला, जुना डोळा झाकला. मडगार्ड, दार. दार, मडगार्ड.

जुळतंय!

शाळेपाशी शिक्षिकाबाईंची छोटी निळी. जुळतंय. औषधवाल्याची राखाडी, तिचं तर अख्खं डावं अंग माझं. जुळतंय! एकही गाडी पिवळी नाही, एकही काळवंडलेली नाही. रस्त्यात उभी राहून हसत होते मी. औषधवाला म्हणाला, "काकू, काही हवंय का?"

म्हटलं बघा, डोळा गेला तरी हात चुकला नाही! ह्यांना सांगावंसं वाटलं.

तशीच दुकानात गेले. बाईंच्या पहिल्या पांढऱ्याचा उरलेला डबा फळीवर होता. उघडला. साईसारखा पिवळट. त्या खरंच बोलत होत्या. मग शेजारचा बेकरीचा डबा उघडला, तर तो बरोबर. निळीचा बरोबर. पण त्याच्या झाकणाच्या आत, जिथे मी ढवळून झालं की काडी पुसते, तिथला निळा वेगळा होता. मळका. तो माझा. डब्यातला माझा नव्हता.

पैलवानाला हाक मारली. तो म्हणाला, "काकू, मी जरा खिळे घेऊन येतो." आणि गेला तो आलाच नाही.

१० मार्च

सकाळी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि दारात उभी राहिले. मग बोलला.

वर्षभरापासून, मी रंग करून घरी गेले की तो डबा घ्यायचा, पेट्रोलच्या टाकीवरचं गाडीच्याच रंगाचं झाकण काढायचा आणि दोन्ही पिशवीत घालून भाऊजींकडे जायचा. भाऊजी झाकणावर मशीन लावायचे, कारागिरांना बाहेर पाठवायचे आणि स्वतः थेंब घालायचे. बाईंच्या पहिल्या डब्याच्या वेळी ते परगावी होते. एवढंच.

"पैसे?"

"कधीच नाही घेतले. वहिनींना कळता कामा नये म्हणाले."

"आणखी काय म्हणायचे?"

"काही नाही." चहा संपवला त्यानं. "दर वेळी ढवळून झालं की एकच. वहिनींचाच रंग आहे, थेंबभर सरकलाय."

चप्पल घालतेय. मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जाईन. काय बोलायचं ते वाटेत सुचेल.